सासूबाईंचा अंगठा

नऊ बोटांवर गुलाबी नेलपॉलिश.

पुढून कात्रीने कापलेला मोजा.

"बूट घट्ट असतील तुमचे."

टबातलं मिठाचं पाणी, केव्हाच निवलेलं.

सुनेने अजून न सांगितलेलं एक वाक्य.

सासूबाईंचा पाय दवाखान्यातल्या स्टुलावर होता. अंगठा सुजून लालबुंद, नखाच्या कडेला पू.

"कोपरे इतके खोल कुणी कोरले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून पार्लर चालवते. पायाची नखं गोल कोरण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. कोपऱ्यात टोकदार कात्री घालून नख आतून काढलं की बोट कसं नाजूक दिसतं, हे ती गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायची. आत्ता मात्र आपले हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना.

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "चष्मा न लावता कापलं. म्हातारपणी नटायची हौस, दुसरं काय!"

डॉक्टरीणबाईंनी अंगठा वळवून निरखला.

"आधी आला असतात तर नखाखाली कापूस सरकवून कोपरा उचलला असता. कोमट पाणी, ऐसपैस चप्पल, एवढ्यावर निभावलं असतं. आता बोट बधिर करून नखाची कडेची पट्टी काढते. मुळाशी औषध लावते, म्हणजे त्या कडेने सहसा पुन्हा उगवायचं नाही."

"अख्खं नख नाही ना काढणार?"

"नाही हो. पण यापुढे नख सरळ कापायचं, आणि स्वतः नाही. सून आहे ना घरात? तिला सांगा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुनेला झालं.

"तिलाच सांगेन," सासूबाई म्हणाल्या. "फार हलका हात आहे तिचा."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. अंगठा ठणकतो म्हणून गिऱ्हाइकांपैकी दोघीजणी मागे पार्लरमध्ये परत आल्या होत्या. तिने बुटांवर खापर फोडून त्यांना वाटेला लावलं होतं.

सुई शिरली. सासूबाईंनी सुनेचं मनगट गच्च धरलं.

"मी कापलं," सून म्हणाली. "माझं पार्लर आहे. सगळ्यांची अशीच कापते."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "सगळ्यांची?"



"घ्या!" सासूबाई कळवळत म्हणाल्या. "एवढं खोटं बोलले, सगळं पाण्यात. आता बायका काय म्हणतील गं तुला?"

पट्टी बांधून झाल्यावर सून बाहेरच्या बाकावर बसली आणि त्या दोघींपैकी एकीला फोन लावला. "ताई, तुमचा अंगठा... चूक माझीच आहे. डॉक्टरांना दाखवा," हे तिने इतक्या बारीक आवाजात सांगितलं, की ताई पलीकडून ओरडत राहिल्या, "काय? अगं, मोठ्याने बोल की!"

तिला मोठ्याने बोलावं लागलं. बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

पार्लर पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, म्हणून सासूबाई आपणहून खुर्चीत जाऊन बसल्या होत्या, पाय पुढे करून.