भिंतीपलीकडचं जातं

जगदेवला झोप प्यारी आहे असं कोणी म्हटलं असतं तर त्याला राग आला नसता. वऱ्हाडातल्या मालेगावला, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात तो ऑइल इंजिन चालवायचा. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, पाळी संपवून घरी यायला त्याला फार उशीर व्हायचा, आणि मग ऊन अंगणात उतरेपर्यंत आपल्याला कोणी हाक मारू नये, एवढंच त्याचं जगाकडे मागणं असायचं. आवाजाचं त्याला वावडं नव्हतं. इंजिन धडधडत असताना त्याच्याच शेजारी बाकावर पाठ टेकून तो खुशाल डुलकी काढायचा. म्हणूनच नव्या घरात पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच पहाटेची झोप मोडू लागली तेव्हा सगळ्यात जास्त नवल त्याचं त्यालाच वाटलं.

घर म्हणजे एका लांबट कौलारू छपराखालची दोन बिऱ्हाडं होती, आणि मधे मातीची एकच भिंत. अलीकडे जगदेव आणि त्याची बायको तुळसाबाई, पलीकडे सडकेच्या कामावर खडी फोडणारा हेमसिंग आणि त्याची बायको कमलीबाई. दिवसा त्या दोघांचा मागमूस नसे, संध्याकाळी चूल पेटल्याचा धूर तेवढा यायचा. पण पहाटे, बाहेर अजून नुसता गार काळोख असताना, भिंतीपलीकडे जातं सुरू व्हायचं. आधी दाणे ओंजळीतून पडल्याचा बारीक आवाज, मग जात्याची वरची पाळी फिरू लागल्याची घरघर, मग त्या घरघरीत मिसळलेलं कोणा बाईचं गुणगुणणं. थोड्या वेळानं अंगणात झाडू फिरायचा, रहाट करकरायचा, आणि एखादं पोर उठायला कुरकुर करायचं. जगदेव कूस बदलायचा, कानावर गोधडी ओढायचा. एकदा त्यानं उठून भिंतीवर मूठ आपटली. पलीकडचं जातं थबकलं, जणू कोणी कान देऊन ऐकतं आहे, आणि मग पुन्हा आपल्या गतीनं फिरू लागलं.

"तुले ऐकू येत नाई का वो?" त्यानं सकाळी तुळसाबाईला विचारलं.

"येते ना," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "असू द्या. घर जागं झालं म्हंजे आवाज व्हतेच."

हे ती ज्या सुरात म्हणाली तो त्याला आवडला नाही. त्या सुरात समाधान होतं, आणि मालेगावात आल्यापासून तुळसाबाईच्या बोलण्यात समाधान असं त्यानं ऐकलेलं नव्हतं. ती दोघं आली होती इंझोरीहून. तिथं जगदेवचा थोरला भाऊ उकंडराव, शेती, विहीर, भरलं घर. आणि उकंडरावची पोरगी गोजरी. गोजरी अंगावर पीत असतानाच तिची आई गेली, तेव्हापासून तिला तुळसाबाईनंच वाढवलं होतं. ती पोर तिच्याच हातून खायची, तिच्याच कुशीत निजायची. दिवाळीच्या तोंडावर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत बोलाचाली झाली आणि उकंडरावनं भर वावरात, मजुरांच्या देखत, जगदेवच्या थोबाडीत मारली. जगदेवनं त्याच संध्याकाळी बायकोला बोचकं बांधायला लावलं. निघताना गोजरी झोपली होती. तिला उठवू दिलं असतं तर तुळसाबाईचा पाय निघाला नसता, हे जाणूनच त्यानं उठवू दिलं नाही. त्यानंतर इंझोरीचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यानं सांगून टाकलं होतं, आणि तिनंही ते पुन्हा काढलं नव्हतं.

एका सुटीच्या दिवशी अखेर तो हेमसिंगच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हेमसिंग ओट्यावर बसून घणाचा दांडा तासत होता.

"हेमसिंग, राग मानू नको गा. पण तुमचं जातं जरा उजाडल्यावर सुरू करत जा. माही झोप होऊन नाई राह्यली."

हेमसिंगनं मान वर केली. तो थोडा गोंधळला आणि मग ओशाळल्यासारखा हसला.

"भाऊ, आमच्या घरी जातं कुठी हाये? आमी तर चक्कीवर दळून आणतो. आमालेच वाटे का तुमाले सांगावं. पर म्हटलं, नवे लोक हायेत, कायले बोला."

"म्हंजे?"

आतून कमलीबाई दाराशी आली. डोक्यावरची ओढणी पुढं घेत ती म्हणाली, "आवाज तुमच्याकून येते, भाऊ. तुमची बाई दळते, लेकराले उठवते. लेकरू दिसत कसं नाई म्हणून मी घरधन्याले दोनदा म्हटलं बी."

जगदेव परत फिरला. आपल्या घरात तो नीट पाहत राहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होता. जातं त्याच्याकडेही नव्हतं. जातं इंझोरीच्या घरात, जमिनीत पक्कं रोवलेलं होतं. ते काही बोचक्यात बांधून आणण्यासारखं नव्हतं.

पुढं ज्वारीच्या सोंगणीला हेमसिंग आणि कमलीबाई केनवडकडे निघून गेले. जाताना दाराला कुलूप घातलं आणि लक्ष ठेवा म्हणून जगदेवला सांगून गेले. त्या रात्री तो निवांत झोपला. पहाटे जातं सुरू झालं.

तो अंथरुणावरच उठून बसला. या खेपेला राग आला नाही, म्हणून तो नीट ऐकू शकला. पाळी एका ठिकाणी किंचित अडखळत होती, फेऱ्यागणिक, जशी टवका उडालेल्या दगडाची अडखळते. रहाट दोनदा करकरून तिसऱ्यांदा कण्हल्यासारखा आवाज करत होता. मग लांबून कोणीतरी घसा खाकरला, मोठ्यानं, ओसरीवरून सगळ्या घराला आपण उठल्याची वर्दी द्यावी तसा. ते खाकरणं थोरल्या भावाचं होतं, जगदेवनं लहानपणापासून ऐकलेलं. अंधारात त्यानं शेजारी हात नेला. तुळसाबाई तिथंच होती, गाढ झोपेत, श्वास संथ चाललेला. त्यानं तिचा हात धरला. हिवाळ्याच्या त्या गारठ्यात तिचा तळवा कढत होता आणि दमट होता, खुंटा धरून बराच वेळ दळल्यावर होतो तसा.

बाहेर येऊन त्यानं पलीकडचं दार पाहिलं. कुलूप जागच्या जागी होतं, आणि त्यावर दव जमलं होतं.

यानंतर तो तिच्यावर लक्ष ठेवू लागला. त्याच्या ध्यानात जे आलं ते कोणाला सांगण्याजोगं नव्हतं. तुळसाबाई घरातली कामं पूर्वीसारखीच करत होती, पण त्या कामांचा आवाज कमी होत चालला होता. ती हंडा खाली ठेवायची आणि ठेवल्याचा आवाज यायचा नाही. ती अंगणातून चालत आली तरी पैंजण वाजायचे नाहीत. ती बोलायची तेव्हा त्याला पुढं वाकावं लागायचं. आधी त्याला वाटलं, इंजिनापाशी बसून बसून आपले कानच गेले. त्यानं जिनातल्या सोबत्यांना विचारलं, दूरवरून हाका मारायला लावल्या. कान शाबूत होते. आणि पहाटे तर भिंतीपलीकडून बांगड्यांचा किणकिणाटही त्याला ऐकू येत होता.

"तुले इंझोरीची याद येते का?" त्यानं एकदा धीर करून विचारलं. ते नाव इतक्या दिवसांनी त्याच्याच तोंडून निघालं होतं.

ती हसली. "नाई," असं तिच्या ओठांवरून त्याला कळलं.

वऱ्हाड आता मुंबई राज्यात गेला, याच्या गोष्टी बाजारात चाललेल्या असताना, त्या हिवाळ्याच्या एका दुपारी जिनाच्या फाटकाशी उकंडराव उभा असलेला त्याला दिसला. बैल बघायला आलो होतो, म्हणाला. वाळला होता, पण चेहरा निवळलेला होता. दोघं लिंबाच्या सावलीत बसले.

"माहा हात उठला थे चुकलंच," उकंडराव जमिनीकडे पाहत म्हणाला. "पर तुह्या मनात काही नाई, हे मले समजलं. नाईतर तू धाकलीले, तुह्या बायकोले, कायले पाठवलं असतं? पोरगी जेवत नव्हती गा, जगदेव. नुसती दाराकडे पाहे. आता जेवते."

जगदेव त्याच्याकडे वळला. "दादा, तुमी पाह्यलं तिले?"

"म्या काहून पाहीन? भावजय हाये माही. थे माजघरात, मी ओसरीवर. दळते, पोरीसंग बोलते, थे आयकू येते. उजाडलं का निंगून जाते. मले वाटलं, गावातच तिच्या मावशीकडे ठेवली तू तिले. माहं तोंड पाहा लागू नये म्हणून." तो उठला, धोतराची धूळ झटकली. "सकाळी पोरगी सांगत होती, काकू उद्यापासून जाणार नाई म्हणे. चांगलं झालं. तू बी येऊन जाय. घर तुहं बी हाये."

जगदेवनं इंजिन दुसऱ्याच्या हवाली केलं आणि तो घराकडे धावत सुटला. तुळसाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिला जागेवर पाहून त्याच्या जिवात जीव आला. तिच्यासमोर बसून तो एका दमात बोलत गेला. माझंच चुकलं, मीच हट्ट केला, पोरीला उठवू द्यायला हवं होतं, उद्याच्या पहिल्या मोटारीनं आपण दोघं इंझोरीला जाऊ, कायमचे जाऊ. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग सुपातले खडे बाजूला टाकत ती काहीतरी म्हणाली. तो वाकला, अगदी तिच्या तोंडाशी कान नेला.

"आता काहून?" ती म्हणत होती.

संध्याकाळी त्यानं स्वतः बोचकं बांधलं. रात्रभर जागं राहायचं असं ठरवून, तिचं मनगट हातात धरून तो पडून राहिला. पण दिवसभराचा शीण होता, कधी डोळा लागला ते त्याला कळलं नाही. जाग आली ती जात्याच्या आवाजानं. पूर्वी कधी नव्हता इतका तो जवळ होता, भिंत मधे नसल्यासारखा. दाणे पडल्याचं ऐकू येत होतं, पीठ सावडल्याचं ऐकू येत होतं, आणि पाळीच्या लयीवर तुळसाबाईचा आवाज, मोकळा, भरलेला, लग्न होऊन ती इंझोरीला आली तेव्हा होता तसा.

त्यानं मान वळवली. कौलातून फटफटत होतं. तुळसाबाई त्याच्या शेजारीच होती, त्याच्याकडे तोंड करून, मनगट त्याच्या मुठीत. डोळे उघडे होते. ओठ मिटलेले होते.

"तुळसा," त्यानं हाक मारली. ती तशीच पाहत राहिली. तो उठून भिंतीशी गेला, दोन्ही मुठी आपटत, घशाच्या शिरा ताणून ओरडला, "तुळसा! तुळसा!"

जातं थांबलं.

"काकू," पलीकडून गोजरी म्हणाली, "कोण व्हय वो?"

"कोणी नाई बाई," तुळसाबाईचा आवाज आला. "शेजारचे हायेत. रोज पहाटे असेच आवाज करतात."

आणि जातं पुन्हा फिरू लागलं.