चित्र अंधूक का दिसते?

मित्रांनो, मी बैठकीच्या खोलीतला एक जुना टीव्ही आहे. माझ्या काचेमागे वीस लाखांवर ठिपके आहेत, आडवे एक हजार नऊशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी. कारखान्यात ते सगळे पेटवून तपासले, तेव्हा एकही मेलेला निघाला नाही. ही बढाई नव्हे. पुढे जे घडले त्यात माझा दोष किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

या घरात आजोबा, त्यांची सून आणि कॉलेजात जाणारी नात राहतात. आजोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने पकडल्या. मला आणले त्या दिवशी त्यांनी आठ फुटांवरून बातम्यांच्या पट्टीतली चूक दाखवली आणि म्हणाले, "वा! आरसाच आणलाय घरात." ते कौतुक मला सात वर्षे पुरले.

मग एका दुपारी ते म्हणाले, "चित्र अंधूक आलंय."

"मला तर ठीक दिसतंय, बाबा," सून म्हणाली.

"तुला कपाटावरची बोटभर धूळही दिसत नाही! चाळीस वर्षांची नजर आहे ही माझी."

त्या नजरेपुढे घरात कोण बोलणार? नातीने सेटिंग उघडले. चित्र किती बारकाईने यावे याचे आकडे तिथे ओळीने होते.

"सगळ्यात मोठा टाक."

"आजोबा, याला झेपायचं नाही ते."

"टाक गं!"

तिने टाकला आणि मी काळा पडलो. आकडा खाली आणला तर माणसांच्या कडा उसवल्या. मग त्यांनी रेखीवपणा इतका वाढवला की प्रत्येक चेहऱ्याभोवती पांढरी किनार आली. रोज नवा आकडा, रोज तीच तक्रार.

मला भीती वेगळीच वाटत होती. आजोबांची खुर्ची आठ फुटांवरून सहावर आली, सहावरून चारवर. कोंबडी दाण्याकडे बघते तसे ते मान तिरकी करून माझ्याकडे बघू लागले. एकदा म्हणाले, "आज बातम्यांच्या बाईला चेहराच नाही."

"पावडर जास्त झाली असेल," सून हसली.

मी नव्हतो हसलो. मी त्या बाईचा पूर्ण चेहरा दाखवत होतो. डोळे, नाक, हनुवटीवरचा तीळसुद्धा.

चार महिन्यांनी मेकॅनिकला बोलावले. त्याने आकडे पाहून कपाळाला हात लावला. "काका, टीव्हीत जितके ठिपके, तितकंच सेटिंग ठेवायचं. मोठा आकडा लावून ठिपके वाढतात होय?" त्याने हजार ऐंशी लावले, रेखीवपणा उतरवला आणि पेनड्राइव्हवरून तपासणीचे चित्र आणले. काळ्यावर पांढऱ्या, आडव्याउभ्या रेषा.

"आता बोला."

"मधल्या वाकड्या आहेत."

मेकॅनिकने माझ्या काचेला फूटपट्टी लावली. नात हळूच म्हणाली, "सरळ आहेत, आजोबा."

मेकॅनिकचा आवाज उतरला. "काका, एकेक डोळा झाकून बघा बरं. माझ्या आईचं असंच झालं होतं."

आजोबांनी डावा डोळा झाकला. रेषा सरळ होत्या. मग उजवा झाकला, आणि हात तिथेच राहिला.

"मध्ये काहीच नाही," ते म्हणाले. "भोक आहे."

डॉक्टरांनी सांगितले की डाव्या डोळ्यामागचा पडदा सुजून खराब झाला आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही. चार महिने आधी आले असते तर ती वाचवता आली असती. ते चार महिने आम्ही आकडे निवडण्यात घालवले. उजव्याला तोच धोका होता. रोज रेषा बघायच्या आणि एक जरी हलली तरी त्याच दिवशी यायचे, असे डॉक्टरांनी बजावले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला चित्र अंधूक दिसले, तर माझे सेटिंग जरूर तपासा. पण एकदाच, पाच मिनिटे. मग त्या माणसाला एकेक डोळा झाकायला सांगा. त्याने रागावून हात झटकला तरी सांगा. मला सगळे दिसत होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.

आज सकाळी मी रेषा दाखवल्या. आजोबांनी डावा डोळा झाकला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मी एकही रेष हलवली नव्हती.

त्यांनी रिमोटला हात लावला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "चपला घाल. उजव्यातली एक रेष हलली."