एक्केचाळिसाव्या ओळीतलं विधेयक

सुषमाच्या कामाचा नियम साधा होता. विधेयक मंजूर झालं तर काय होईल, ते एका ओळीत लिहायचं आणि त्या ओळीत विशेषण येऊ द्यायचं नाही. नियम अविनाश सरांचा. सर मूळचे नाशिकचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुरतच्या रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटच्या पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं होतं. संसदेत आलेल्या विधेयकांचा माग ठेवायचा आणि दर शनिवारी मिलवाल्यांना तक्ता पाठवायचा, हा त्यांचा धंदा. विजेचं विधेयक, आयातीचं, सांडपाण्याचं, कामगारांचं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या सुषमाला हे काम आवडायचं. 'असं झालं तर तसं होईल' या वाक्याची तिला कॉलेजपासून सवय होती.

तक्त्यात शेवटचा रकाना 'आपल्यावर परिणाम' असा होता. एक्केचाळिसाव्या ओळीत तिथं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: शून्य.

"ही एक्केचाळीस नंबरची ओळ अजून इथं काय करतेय गं?" सर दर महिन्याला विचारायचे. "बेपत्ता माणसांचं विधेयक! मिलवाल्यांचा काय संबंध? व्यापारी बेपत्ता झाला तर त्याला कायदा लागत नाही, शोधणारे पुष्कळ असतात."

"यादी पुरी असावी म्हणून ठेवलंय, सर."

"पुरी म्हणजे किती पुरी? उद्या गाढवांच्या कल्याणाचं विधेयक येईल."

"आलं तर तेही घेईन, सर."

सर हसून आत जायचे. सुषमाचा भाऊ लखन बेपत्ता आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं.

लखन गेला तो दोन हजार अठराच्या श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी. खानदेशातला माणूस वर्षभर कुठंही राबो, कानबाईला गावी जातो. नवागामच्या चाळी त्या आठवड्यात ओस पडतात. लखन लूमवर कामाला होता. "कानबाई झाली की घराचे पत्रे बदलून येतो, आठ-दहा दिवस लागतील," असं बायकोला, उज्ज्वलाला, सांगून त्यानं उधना स्टेशनावर गाडी पकडली. गावी माय, म्हणजे सुभद्राबाई, वाट पाहत होती. तो आला नाही तेव्हा ती धरून चालली की शेठनं सुट्टी दिली नसेल. फोन लागेना, तर गावात रेंज नाही असं उज्ज्वला समजली आणि मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल असं माय समजली. नऊ दिवस दोन्ही घरं निर्धास्त होती, कारण दोघींच्या मते तो दुसरीकडे होता. दहाव्या दिवशी पोलिसांत तक्रार गेली, तोवर त्याला स्टेशनावर पाहिलेलं कोणी आठवणारं उरलं नव्हतं. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उज्ज्वला बावीस वर्षांची होती. माय गावचं घर बंद करून नवागामला आली ती इथंच राहिली.

कायद्यात यावर एक कलम आहे. ज्यांना माणसाची खबर एरवी कळली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर कोर्ट त्याला मेलेला धरू शकतं. सात वर्षं या ऑगस्टमध्ये भरली असती. पण मे दोन हजार एकवीसमध्ये मायच्या फोनवर एका अनोळखी नंबराहून फोन आला. पलीकडून कोणी बोललं नाही. माय दोनदा "लखन?" म्हणाली आणि फोन बंद झाला. चाळीस सेकंद. मायनं दुसऱ्या दिवशी एकटीनं पोलीस ठाण्यात जाऊन ते लिहून घ्यायला लावलं. नंबर एका एसटी स्टँडवरच्या दुकानाचा निघाला. दुकानदाराला काही आठवत नव्हतं. पण नोंद राहिली, आणि वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे ती नोंद म्हणजे खबर. सात वर्षं तिथून मोजली, तर मे दोन हजार अठ्ठावीस.

एक्केचाळिसाव्या ओळीतलं विधेयक मंजूर झालं असतं तर सातांऐवजी चार वर्षं झाली असती. मग फोन लखनचा असो वा नसो, मुदत कधीच संपलेली होती. मायला काहीच विचारावं लागलं नसतं.

आणि विचारणं भाग पडणार होतं, कारण कुंदन आला होता. कामरेजला रोपवाटिका चालवणारा, बायको वारलेला, शांत माणूस. उज्ज्वला ज्या दुकानासाठी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची, तिथं ओळख झाली. तो रीतसर घरी आला, मायनंच त्याला चहा दिला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न करू, तोवर कागद करून घ्या, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. नाहीतर ती धरणगावची मुलगी बघणार होती. त्यात तिचं चुकत नव्हतं. कागदाशिवाय दुसरं लग्न हा गुन्हा आहे.

मायचं म्हणणं एकच होतं. "उज्ज्वलाले जानं शे तर जाऊ दे. मी नही अडवत. पन मना पोऱ्याले कागदवर मारू नका."

हिवाळी अधिवेशनाच्या दुसऱ्या शुक्रवारी विधेयकाचा नंबर लागला. खासगी सदस्यांची विधेयकं शुक्रवारीच दुपारनंतर घेतात. सुषमानं कानात इयरफोन घालून थेट प्रक्षेपण लावलं. सभागृहात चौदा जण दिसत होते, तिनं मोजले. विधेयक मांडणारे सदस्य बावीस मिनिटं बोलले. पुरात नवरा वाहून गेलेल्या एका बाईची हकिगत त्यांनी सांगितली. बोलले चांगलं. आणखी तिघं बोलले. मग मंत्री उठले. सदस्यांच्या भावनांचा सरकारला आदर आहे, सध्याच्या कायद्यात पुरेशी तरतूद आहे, तरी सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. सदस्य उठले, चर्चा झाल्याबद्दल त्यांनी आभार मानले आणि विधेयक मागे घेण्याची परवानगी मागितली. दोन-तीन आवाज "हो" म्हणाले. पुढचं विधेयक सुरू झालं. ते मधमाश्यांबद्दल होतं.

सुषमानं टप्प्याच्या रकान्यात 'मागे घेतले' असं लिहिलं आणि ओळ 'बंद' या पानावर हलवली. खालच्या सगळ्या ओळी एकेकानं वर सरकल्या. चहावाला आला. तिनं चहा घेतला, गरम असतानाच प्यायली आणि मधमाश्यांचं विधेयक काय करील ते एका ओळीत लिहिलं.

घरी उज्ज्वला दारात गुडघ्यांवर साडी पसरून बसली होती. बोटांना गोंद लागलेला होता. माय खालच्या मंदिरात भजनाला गेली होती.

"आज शुक्रवार," उज्ज्वला म्हणाली. "काय झालं?"

"मागे घेतलं."

"म्हणजे पुढच्या शुक्रवारी?"

"नाही वहिनी. संपलं."

उज्ज्वलानं एक खडा उचलला, जागेवर ठेवला, दाबला. "का पण? वाईट होतं का?"

"वाईट नव्हतं. खासगी सदस्याचं होतं, सरकारचं नाही. तशी मंजूर होत नाहीत. शेवटचं एकोणीसशे सत्तरला झालं होतं."

"हे तुला आज कळलं?"

सुषमानं बॅग खुंटीला अडकवली.

"बोल ना. आज कळलं?"

"नाही. आधीपासून माहीत होतं."

"अडीच वर्षं तू मला सांगतेस, मांडलंय, यादीत आहे, नंबर लागेल. मी त्या माणसाला हो म्हटलं त्या नंबरावर." तिचा आवाज चढला नाही. "काय शिकलेली नणंद मिळाली मला! जगाचे आकडे तोंडपाठ, आणि हा एकच तेवढा पदराखाली ठेवलास होय?"

"शक्यता शून्य नव्हती, वहिनी."

"तुझी शक्यता घाल चुलीत."

मग तिनं विचारलं, "भाकरी टाकू का आता, की आत्या आल्यावर?" सासूला ती आत्याच म्हणायची. सुषमा म्हणाली, मी टाकते. दोघी उठल्या.

आता एकच वाट उरली होती. वकिलानं मसुदा दोन महिन्यांपूर्वीच करून ठेवला होता. गुजरातीत लिहिलेलं सोगंदनामुं, म्हणजे मायचं प्रतिज्ञापत्र. सुषमानं ते बॅगेत तसंच ठेवलं होतं. पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं: मे २०२१ मध्ये आलेला फोन माझ्या मुलाचा नव्हता. फोन पोलिसांच्या नोंदीत आहे, तो गाळता येणार नाही, तेव्हा आईनंच तो नाकारला पाहिजे, असं वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं.

रविवारी सकाळी, माय मेथी निवडत असताना, सुषमानं कागद काढला. उज्ज्वला साडी घेऊन भिंतीशी बसली होती. आज तिचा हात चालत नव्हता.

"काय लिखेल शे येमा?" मायनं विचारलं.

सुषमानं एकेक परिच्छेद गुजरातीतून मराठीत करून वाचला. नाव, वय, नातं, गावी निघाल्याची तारीख, तक्रारीची तारीख. माय प्रत्येकाला मान हलवत होती. सगळं खरं होतं. पाचवा परिच्छेद सुषमानं त्याच आवाजात वाचला.

मायनं मेथीची जुडी खाली ठेवली. "फोन उना व्हता."

"आला होता. तो कोणाचा, ते म्हणतेय."

"तेनाच व्हता."

"तो बोलला नाही, माय. चुकून लागलेला असेल. रोज किती फोन चुकून लागतात..."

"मी नऊ महिने पोटमा बी तेना आवाज नही आयकेल. तरी वळखत व्हती ना?" माय तिच्याकडे बघत नव्हती. "तू आकडा सांगू नको. तुले नही विचारत मी. उज्ज्वला, तू सांग."

उज्ज्वलानं वर पाहिलं.

"तुले जानं शे. जाय. तो पोरगा चांगला शे. पन तू मना डोयामा देखीसन सांग, तो फोन लखनना नव्हता. तू सांगशी तर मी सही करस. आते करस."

सुषमाला वाटलं, संपलं. वहिनीनं एक शब्द म्हणायचा होता. त्या एका शब्दासाठी कोणी तिला बोल लावला नसता. खाली कोणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तीनदा, चारदा.

"मला माहीत नाही, आत्या," उज्ज्वला म्हणाली.

"सांग ना. नव्हता म्हन."

"नव्हता म्हणायला मला पाहिजे. फार पाहिजे. पण मला माहीतच नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणालात तो त्याचा, तेव्हा मलाही वाटलं त्याचा. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का, आत्या? खरं सांगा."

मायनं मेथीची एक काडी मोडली. पानं वेगळी केली, काडी वेगळी ठेवली. आणखी दोन काड्या मोडल्या.

"नही," ती म्हणाली. "माले बी नही माहित."

मोडलेल्या काड्या तिनं एका बाजूला सारल्या.

"मंग तसंच लिख ना, सुषी," माय म्हणाली. "नव्हता कसाले लिखतस? माहित नही, लिख."

सुषमानं वकिलाला फोन लावला. वकील रविवारी वैतागला. "खबर नथी असं लिहिलंत तर जज विचारणार. कदाचित मान्य करतील, कदाचित एकवीसपासून मोजतील. मी काही खात्री देत नाही. मग अठ्ठावीसपर्यंत बसा." सुषमानं स्पीकर चालू ठेवला होता. फोन ठेवल्यावर तिनं उज्ज्वलाकडे पाहिलं.

"तीन पर्याय आहेत, वहिनी. 'नव्हता' लिहायचं, 'माहीत नाही' लिहायचं, नाहीतर अठ्ठावीसपर्यंत थांबायचं," ती म्हणाली आणि थांबली. "किती शक्यता, ते मला खरंच सांगता येणार नाही."

"कळलं. माहीत नाही तेच लिही."

"कुंदनची आई?"

"कुंदनला मी सांगते. थांबला तर थांबेल." तिनं गोंदाची बाटली उघडली. तोंडाशी गोंद वाळला होता, तिनं सुईनं टोचून तो मोकळा केला.

सुषमानं लॅपटॉपवर पाचवा परिच्छेद पुसला. लखनकडे राहून शाळा सुरतेतच झाल्यामुळे गुजराती तिला मराठीइतकंच येत होतं. तिनं लिहिलं: मे २०२१ मध्ये एक फोन आला. समोरची व्यक्ती बोलली नाही. ती व्यक्ती कोण होती, याची मला खबर नाही. वाचून पाहिलं. काढण्यासारखा शब्द सापडला नाही.

मंगळवारी तिघी अठवालाइन्सच्या कोर्टावर गेल्या. सुषमानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, कारणाच्या जागी पहिल्यांदा 'भावाचं कोर्टाचं काम' असं लिहून. अविनाश सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "जा तू. उद्या आलीस तरी चालेल."

कोर्टाबाहेर झाडाखाली नोटरीचं टेबल होतं. कुंदनचा सकाळी उज्ज्वलाला फोन आला होता. आईशी बोलतो म्हणाला, काय बोलणार ते म्हणाला नाही. नोटरी म्हातारा होता. कागदावरून बोट फिरवत भराभर वाचत गेला आणि पाचव्या परिच्छेदावर थांबला.

"बा, आ 'खबर नथी' राखवुं छे?" हे असंच ठेवायचंय का, असं त्यानं मायला विचारलं. "वकीलने पूछ्युं?"

"हां," माय म्हणाली. "राख."

त्यानं पेन दिलं. मायनं सगळी अक्षरं सुटी सुटी लिहून नाव पुरं केलं. मग लखनला मृत धरावं असा उज्ज्वलाचा अर्ज. नोटरीनं नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि मान वर न करता लखनशी नातं विचारलं.

"पत्नी," उज्ज्वला म्हणाली.

त्यानं तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. सुनावणीच्या तारखेचं दहा जानेवारीनंतर कळेल, म्हणाला.