गोदूबाईच्या कोपऱ्यातलं भात

खैरवळ मालवणपासून जेमतेम दोन कोसांवर. तिथल्या बायकांची लाल भाजी, वालीच्या शेंगा डोक्यावरून बाजारात उतरल्याशिवाय मालवणच्या चुली पेटत नसत म्हणा ना! गाव सतरा घरांचं, पण ताठा सतराशे घरांचा. बाजारात म्हणत, खैरवळकाराचा शब्द आणि फणसाचा चीक, एकदा लागला की सुटायचा नाही.

पावसाळा सरला की गावकरी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, मातीचा बांध घालत. त्या अडवलेल्या पाण्यावर वायंगणी भात, म्हणजे वर्षाचं दुसरं पीक, निघे. नेम एकच: घरटी एक पुरुष बांधावर. पुरुष नाही, तर पाणी नाही.

अठ्ठावन्न साली गोदूबाई ह्या नेमात अडकली. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, आणि मुलगा गुरुदास नुकताच मुंबईला गिरणीत लागलेला. कार्तिकात देवळात गाव जमलं तेव्हा ती उभी राहिली.

"माज्या घरातसून मी येतंय बांधार."

गावकार, म्हणजे गावचा प्रमुख, दाजी मान खाली घालून म्हणाला, "नेम दादल्याचो आसा, गोदूवयनी. मी काय करू?"

"माजो दादलो मसणात गेलो. तेका हाडू काय खांद्यार घेवन?"

माणसं हसली, पण नेम हलला नाही. तिला पाण्याचं दुःख होतंच, त्याहून जास्त लागलं ते हे, की चाळीस वर्षं ह्या गावात राबून ती गावच्या मोजणीत नव्हती. घरी येऊन तिनं रागारागानं वायंगणाचं बियाणं उखळात घातलं, कांडलं आणि चार दिवसांत खाऊन संपवलं. आता पेरायला मूठभर उरलं नाही.

महिन्याभरानं बांध घातला त्या दिवशी ती पलीकडच्या काठावर जाऊन बसली. बघायला म्हणे, खरं तर टोमणे मारायला. दुपारी बांधाखालून गढूळ पाणी सुटलं. पुरुष वरून माती टाकत राहिले आणि पाणी खालून ती नेत राहिलं. गोदूबाईला बसवेना. त्या काठच्या करंजाच्या मुळाशी तिनं उभ्या जन्मात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडल्या होत्या.

"वर कसली माती घालतास, मेल्यांनो! बीळ हय आसा, कुर्लीचां!"

लुगडं खोचून ती छातीभर पाण्यात उतरली, गवताचा बोळा बिळात कोंबला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. पुरुषांनी दगडमाती ठोकून घेईपर्यंत हलली नाही. बांध तरला.

दाजीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पाण्याची पयली पाळी वयनीची."

झाली पंचाईत! पाणी आलं, कोपऱ्यात, म्हणजे तिच्या भातशेतीच्या तुकड्यात, तुंबलं, आणि लावायला रोप नाही. बियाणं खाल्लं हे सांगायचं कुणाला? ती दार लावून बसली. दोन दिवस गावानं तो रिकामा कोपरा येताजाता पाहिला.

तिसऱ्या सकाळी तिच्या मेरेवर, शेताच्या कडेला, तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, सोळा मुठी ओळीनं ठेवलेल्या. घरटी एक. कुणी ठेवल्या विचारलं तर जो तो आभाळाकडे बघे. गोदूबाई मेरेवर बसून मनसोक्त रडली आणि मग लावणीला वाकली.

पण अहो, घरागणिक भाताची जात वेगळी: कुणाचा वालय, कुणाचा बेळा, कुणाची सोरटी! एक पिकलं तेव्हा दुसरं हिरवं. एवढासा कोपरा तिनं चार वेळा कापला, आणि चारही वेळा गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मे महिन्यात गुरुदास रजेवर आला. ताटातला लाल-पांढरा, मऊ-टणक भात बघून त्यानं विचारलं, "आये, ह्यां खयचां भात?"

तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"फुडच्या वर्सा मी रजा काढून बांधार येतंय."

गोदूबाईनं त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.

"तू मुकाट जेव. आमच्या घराचां माणूस बांधार जाता."