सालीच्या आतलं

माझ्या वहिनीने तीन वर्षांत आपल्या मुलीला सव्वीस भाज्या आणि अकरा फळं खाऊ घातली आणि त्यातल्या एकाचाही पत्ता मुलीला लागू दिला नाही. मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. गोडाचं नाव काढताच हजर होणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार?

तीन वर्षांची असताना मुंगी भात, पाव, बटाटा आणि बिस्किटं एवढ्यावर जगत होती. ताटात रंग दिसला की मान फिरवायची. दादाने गाजर खाऊन ससा होऊन दाखवला, वहिनीने पालक खाणाऱ्या राक्षसाच्या गोष्टी सांगितल्या, मी लाच दिली. मुंगीने एकदा मटारचा एक दाणा गालात धरून पाऊण तास काढला आणि शेवटी तो माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवला. मला तो चार दिवसांनी सापडला.

मग वहिनीने आपलं कसब घरी आणलं. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांना लेप चढवण्याच्या विभागात आहे. मोठ्या फिरत्या भांड्यात कडू गोळ्या गडगडत असतात. त्यांच्यावर साखरेचं पाणी फवारायचं, गरम हवेने वाळवायचं, पुन्हा फवारायचं. असे कितीतरी थर बसले की गोळी गुळगुळीत होते आणि कुठलंही पोर ती तक्रार न करता गिळतं. बारा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला पालक कुठे लपवायचा हे कुणी शिकवायला नको.

शनिवारी मुंगी चित्रकलेच्या वर्गाला गेली की स्वयंपाकघरात काम सुरू व्हायचं. फ्लॉवर वाफवून, दोनदा गाळून भातात. भोपळा टोमॅटोच्या सॉसमध्ये. बीट चॉकलेट केकमध्ये, दुधी सगळ्यात, कारण दुधीला स्वतःचं असं काही मत नसतं. चव बघायला मला बोलावणं यायचं. मी खालच्याच मजल्यावर राहते, पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मी वर जायचे, चमचाभर खायचे आणि सांगायचे, कळत नाहीये, वाढ तिला. मला या सगळ्याची फार मजा वाटायची, हे कबूल केलेलं बरं.

वहिनीची एक खोड मात्र कारखान्यातूनच आली होती. तिथे प्रत्येक बॅचची नोंद होते आणि जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. म्हणून तिने घरीही हिरव्या पुठ्ठ्याची एक वही घातली होती. बॅचचा नंबर, पदार्थ, भाजी, वजन, आणि शेवटी दोन रकाने: चवीत फरक आणि संशय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. वहिनीने झाकलेल्या मुठीची रोजनिशी लिहिली आणि पिठाच्या डब्यावर ठेवली.

ती वही वाचणारं घरात होतं कोण? दादा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर इमारतींच्या पोटात असतो, घरी आल्यावर वर्तमानपत्रसुद्धा उलटं धरतो. राहिली मुंगी, आणि तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. ते मी शिकवलं. शाळा सुटल्यावर वहिनी येईपर्यंत ती माझ्याकडे असते. दोऱ्याच्या डब्यांवरची नावं, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या, गिऱ्हाइकांची मापं, जे मिळेल ते मी तिच्याकडून वाचून घेत होते. पहिलीच्या सहामाहीपर्यंत पोरगी जोडाक्षरं वाचायला लागली.

एका रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवत होतो. आपण किती वाचतो हे आईबापाला दाखवायचं म्हणून मुंगी उठली, स्टुलावर चढली आणि वही घेऊन आली. एक एक अक्षर बोटाखाली धरून तिने मोठ्याने वाचलं.

"बॅच एकशे चौदा. चॉकलेट केक. बीट एकशे वीस ग्रॅम. चवीत फरक, नाही. संशय, नाही."

तिने पान उलटलं. भात, फ्लॉवर, संशय नाही. सॉस, भोपळा, संशय नाही. चार पानं तिने अशी वाचली, कुणी थांबवलं नाही. मग विचारलं, "संशय म्हणजे काय?"

दादाला हसू आलं. "म्हणजे तुला काही कळलं नाही, असं."

मुंगीने ताटातल्या भाताकडे बघितलं. मग आईकडे.

"तू घालायचीस?"

"हो," वहिनी म्हणाली.

"सगळ्यात?"

"बहुतेक सगळ्यात."

मग ती माझ्याकडे वळली. "आत्या, तुला माहीत होतं?"

"नाही गं," मी म्हणाले.

वहिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ताटं उचलायला घेतली. मी भाताचं पातेलं उचललं.

दुसऱ्या दिवसापासून मुंगीचं खाणं थांबलं. रडारड नाही, आदळआपट नाही. शिजवलेलं समोर आलं की ती चमच्याने ते उकरायची, वास घ्यायची आणि ताट सरकवायची. पाव मधून फाडून बघायची. दूध उजेडात धरून बघायची आणि तसंच ठेवायची. शाळेचा डबा भरलेला परत यायचा. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण ही ताकाला हातच लावत नव्हती. भाज्या सोडा, जो पांढरा भात ती जन्मापासून खात होती तोही बंद झाला. वहिनीने तिच्यासमोर तांदूळ धुतले, तिच्यासमोर शिजवले. मुंगी म्हणाली, तू तांदळातच आधी काहीतरी घातलं असशील.

आठ दिवसांत तिचं वजन दीड किलो उतरलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की पाणी पितेय तोवर घाबरू नका, जे खाईल ते खाऊ द्या, पण आणखी एक किलो गेलं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. त्या दिवसापासून वहिनीने रजा घेतली. ती स्वतःही धड जेवत नव्हती. मला एकदा म्हणाली, माझ्या पोरीला माझ्याच हातचं नको झालंय, याहून वाईट काय असतं ते सांग.

जे खाईल ते म्हणजे काय, हे हळूहळू कळत गेलं. पहिल्यांदा तिने केळं खाल्लं. मग उकडलेलं अंडं, पण कवचासकट समोर ठेवलेलं. मग भुईमुगाच्या शेंगा. दहाव्या दिवशी बाजारातून आणलेल्या पिशवीत तिला मटार दिसले. तिने एक शेंग घेतली, सगळीकडून तपासली, शिवण उघडली आणि आतले सात दाणे ओळीने खाल्ले. कच्चे. आम्ही तिघं दारात उभे होतो. त्यानंतर तिने पावशेर शेंगा संपवल्या.

दादा आनंदाने हसला, सुंठीवाचून खोकला गेला म्हणाला. वहिनीला मात्र लगेच कळलं. बारा वर्षं औषधांच्या कारखान्यात काढलेली बाई ती. ज्याला साल आहे, कवच आहे, ज्याच्या आत आई काही घालू शकत नाही, तेवढंच मुंगी खात होती. डाळिंब, सीताफळ, मक्याचं कणीस पानासकट, कलिंगड अख्खं आणून तिच्यासमोर कापलेलं. महिनाभरात आमच्या घरी जेवढी फळं आली तेवढी आधी तीन वर्षांत आली नव्हती. वजन भरून आलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, इतर आयांनाही तुमची युक्ती सांगा म्हणाल्या. वहिनी मान खाली घालून बसली होती.

कारण युक्तीचा एक नियम होता. वहिनीने सोललेलं चालत नसे. एकदा तिने सवयीने केळं सोलून हातात दिलं. मुंगीने ते बाजूला ठेवलं आणि फणीतून दुसरं तोडून घेतलं. वहिनी बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

मी सोललेलं चालत होतं. अंड्याचं कवच तिच्या बोटांना नीट निघायचं नाही, तुकडे आत रुतायचे, म्हणून ती अंडं घेऊन माझ्याकडे खाली यायची. मी सोलून द्यायचे, ती मीठसुद्धा न लावता खायची. पुढे तर मी केलेला साधा भातही ती खायला लागली. वर आईच्या हातचं पाणीही जपून पिणारी पोर माझ्या हातून घास घ्यायची. मला ते आवडत होतं. तोंडाने मी वहिनीला म्हणत होते, होईल सगळं ठीक, जरा धीर धर. वहिनी म्हणायची, निदान तुझ्याकडे तरी खातेय. एवढंच. रविवारच्या त्या "नाही गं"चा तिने कधी उच्चार केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मागच्या बुधवारी मी अंडं सोलत होते आणि वहिनी कामावरून येऊन दारात टेकली होती. तिच्या पिशवीत संत्री होती. मुंगी माझ्या कापायच्या टेबलावर पाय हलवत बसली होती. ती सहज म्हणाली, "आत्या, तू मला कधीच फसवलं नाहीस ना?"

वहिनीने नजर पिशवीकडे वळवली. ती तेव्हाही काही बोलणार नाही, हे मला कळलं. उद्या पोर वीस वर्षांची झाली तरी बोलणार नाही. मी 'कधीच नाही' म्हटलं असतं तर मुंगी माझ्याकडे जेवत राहिली असती, वजन वाढत राहिलं असतं, आणि वरच्या मजल्यावर एक बाई नळ सोडून रडत राहिली असती.

"फसवलंय," मी म्हणाले. "मला माहीत होतं. केकची चव मीच बघायचे. तुला कळणार नाही, असं मीच सांगायचे आईला."

मुंगीचे पाय थांबले.

"मग तेव्हा 'नाही गं' का म्हणालीस?"

"भ्याले."

तिने बराच विचार केला. सहा वर्षांच्या मुलीला असा विचार करताना बघणं काही सुखाचं नसतं. मी अंडं पुढे केलं. तिने घेतलं नाही. टेबलावरून उतरली, आईच्या पिशवीतून एक संत्रं काढलं आणि नखाने साल उकरायला लागली. साल जाड होती, नख आत जाईना. मी हात पुढे केला, तशी ती एक पाऊल मागे सरकली.

"आईने विचारल्या विचारल्या खरं सांगितलं होतं," ती मला म्हणाली, आणि संत्रं वहिनीसमोर धरलं. "एवढंच उघडून दे. बाकीचं मी काढते."

वहिनीने अंगठ्याच्या नखाने देठाजवळ एक चीर दिली आणि संत्रं लगेच परत केलं, जणू जास्त वेळ धरलं तर कुणी ते हातातून काढून घेईल. मुंगीने साल काढली, एक फोड तोडली, उजेडात धरून बघितली आणि खाल्ली. मग दुसरी. तिसरी फोड तिने न बघताच तोंडात टाकली. मग दोघी जिना चढून वर गेल्या.

सोललेलं अंडं मीच खाल्लं.