दोन टेबलांमधली फट

"आधी खाली ठेव," सासूबाई म्हणाल्या. "मग मी घेईन."

ओर्फाने कोंबडीच्या रश्शातल्या नूडल्सचा वाडगा टेबलावर ठेवून हात मागे घेतला. मगच सासूबाईंनी तो उचलला. बाप्तिस्मा घेऊन मग आमच्या ख्रिस्ती पंथाची मंडळी सोडून गेलेल्याच्या हातून आम्ही काही घेत नाही, त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवतही नाही. माझी ही नणंद बाप्तिस्म्यानंतर वर्षभराने नर्स व्हायला शहरात निघून गेली. बाप्तिस्म्याआधी गेली असती, तर कुणी चकार शब्द काढला नसता.

सासरे गेल्यापासून ती दर गुरुवारी येते. आमच्यात मोटार वर्ज्य, म्हणून गाडी फाटकाबाहेर ठेवते आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर एकटी जेवते. कधी कुरकुर नाही, पण माघारही नाही.

त्या दिवशी सासूबाईंचा हात फारच थरथरत होता. वाडगा कलंडला आणि रस्सा एप्रनवर सांडला. ओर्फा धावली. एप्रन पुसून तिने चमचा उचलला.

"आ कर, आई."

"तू आधी मंडळीपुढे गुडघे टेक. मग करते."

"आजाऱ्यांची सेवा केली, त्याची माफी मागू?"

"बाप्तिस्म्याला दिलेला शब्द मोडलास, त्याची माग."

"नाही मागणार."

"मग मी उपाशी राहते."

"राहा. मीही राहते. बघू कोण आधी दमतं!"

दोघींचा हट्ट एकाच साच्यातला. मधल्या मध्ये माझे नूडल्स गार होत होते. मला दोघींचाही राग आला आणि रडूही. म्हातारीकडे आता किती गुरुवार उरले होते?

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "व्हर्ना, ते खिडकीजवळचं टेबल इकडे ओढ."

मी ओढलं.

"बास! चिकटवू नकोस. दोन बोटं फट राहू दे. आता लग्नातली मोठी पांढरी चादर काढ आणि दोन्हींवर घाल."

मी चादर घातली. वरून पाहणाऱ्याला एकच टेबल दिसलं असतं.

"टेबलं किती आहेत गं?"

"दोन."

"बिशपांनी विचारलं तर तेवढंच सांगायचं. भरवशील तू. आणि ही बया समोर बसून जेवेल."

"आई, मी माफी मागितलेली नाही," ओर्फा म्हणाली.

"ऐकू येतं मला. बस."

तिघींनी माना खाली घालून मुकाट्याने प्रार्थना केली. सासूबाईंची मान बराच वेळ वर आली नाही. मग मी त्यांना भरवू लागले. ओर्फा डोळे पुसत जेवली, दोनदा वाढून घेतलं.

ती गेल्यावर मी चादर काढायला गेले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी पुन्हा कोण घालत बसणार?"

फटीवर चादर जराशी खोल गेली होती. थरथरत्या हाताने त्या तिथली चुणी सारखी करत बसल्या.