सत्तावीस नंबरचा उजवा बूट

मित्रांनो, एका पत्राला अकरा वर्षं उत्तर गेलं नाही. त्यात माझा दोष किती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी एक जुना लाकडी साचा आहे, उजव्या पावलाचा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या, नदीकाठच्या एका कारखान्यात माझ्यावर लोफर, म्हणजे बिननाडीचे बूट, शिवले जात.

ओमेर पेलेत्ये हा माझा कारागीर. ओलं कातडं तो माझ्यावर ताणायचा आणि मेणाच्या दोऱ्याचा प्रत्येक टाका ओढताना दोन्ही हात पंखांसारखे पसरायचा. जोडीतले दोन्ही बूट एकाच हातचे असावेत, असा तिथला नियम. शिवणारा आत आपला नंबर लिहायचा. ओमेरचा सत्तावीस.

एकदा डावा बूट झाला आणि दोऱ्यानं त्याचं बोट कापलं. उरलेलं काम तो माझ्यासकट घरी घेऊन गेला. उजवा बूट त्याच्या बायकोनं, एस्टेलनं शिवला. ती त्याच कारखान्यात मशीनवर होती. हातशिवणीच्या बाकावर बायकांना कुणी बसवत नसे. आत नंबर सत्तावीसच पडला.

वर्षभरानं तो सत्तावीस नंबरचा जोड घेतलेल्या कॅल्विन प्रॅट नावाच्या शाळामास्तरांचं पत्र आलं. मुकादमानं ते सगळ्यांसमोर वाचलं: ‘डावा चांगला आहे. पण उजव्यात पाऊल घरी आल्यासारखं वाटतं. तो उजवा शिवणाऱ्याच्याच हातचा आणखी एक जोड मिळेल का?’

“काय रे ओमेर, डावा झोपेत शिवलास का?” मुकादम म्हणाला. ओमेर हसला आणि पत्र त्यानं खिशात घातलं.

पुढे कारखाना बंद झाला. बाकीचे साचे भट्टीत गेले. मला ओमेरनं घरी आणलं. आता मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकण असतो. गेल्या शनिवारी चुलीवर बीन्स शिजत असताना एस्टेलला त्याच्या जुन्या कोटात ते पत्र सापडलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली गं. सगळे म्हणाले असते, बायको बरी शिवते.”

“शिवतेच की! तीस वर्षं मशीनवर बसले. एकदा कुणी बरं म्हणालं, तर तेही तू खिशात घातलंस.”

ओमेरनं तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: ‘मास्तर, उजवा बूट माझी बायको एस्टेल हिनं शिवला. आतला नंबर खोटा आहे.’ तिनं खाली एवढंच लिहिलं, ‘पावलाचं माप कळवा.’

मास्तर आता आहेत की नाहीत, कोण जाणे. मित्रांनो, मी लाकूड. उपदेश करायचा मला संकोच वाटतो. तरी सांगतो, चांगल्या कामाला ज्याचं त्याचं नाव द्या आणि ते माणूस ऐकू शकतं तोवर द्या.

ओमेर कोट न घालताच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेला. पत्र आत टाकलं. मग पेटीचं झाकण पुन्हा दोनदा उघडून, ते खरंच खाली पडलं ना, हे त्यानं पाहिलं.